श्रीलंका की व्हिएतनाम? पहिल्यांदा बाहेर निघणाऱ्या ठाणेकरांसाठी

आमच्या घोडबंदरच्या सोसायटीत सध्या जो तो या दोनच नावांवर अडलाय. बजेटचं एजंट सांगेलच, मी देश कसे आहेत ते सांगतो.

श्रीलंका साधारण 65,600 चौरस किमी, महाराष्ट्राच्या एक पंचमांशाच्या आसपास, म्हणून आठवड्यात किनारा, चहाचे डोंगर, जुन्या राजधान्या असं सगळं बसतं. व्हिएतनाम आपल्या राज्यापेक्षा थोडाच मोठा पण नुसता लांबच लांब, उत्तर-दक्षिण सुमारे 1,650 किमी आणि एका ठिकाणी रुंदी जेमतेम 50, त्यामुळे उत्तरेचं हनोई आणि दक्षिणेचं सायगाव (आजचं हो ची मिन्ह सिटी) दोन्ही पाहिजे तर मध्ये फ्लाइट घ्या, नाहीतर दीड दिवस ट्रेनमध्ये जातो.

मे महिन्यात कोलंबो-गॉलकडे पाऊस सुरू होतो (पूर्वेचं त्रिंकोमाली तेव्हा कोरडं असतं). दिवाळीत उलटं, मध्य व्हिएतनामच्या होई आन आणि ह्युए भागात पुराचे दिवस.

इतिहासाबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायचंय. अनुराधापूरला इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकपुत्र महेंद्र धम्म घेऊन गेले आणि संघमित्रेने नेलेल्या फांदीचा बोधिवृक्ष आजही तिथे पूजला जातो, शिवाय 1950 मध्ये बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी याच देशात गेले होते, त्यामुळे घरात रोज बुद्धवंदना म्हणणारे आजी-आजोबा असतील तर दुसरा विचारच करू नका. पण फक्त स्तूप बघून परतू नका, उत्तरेच्या तमिळबहुल जाफनालाही जा. सिंहली-तमिळ संघर्षाचं युद्ध 1983 ते 2009 चाललं, आणि ब्रिटिशांनी चहामळ्यांवर नेलेल्या तमिळ मजुरांना तर स्वातंत्र्यानंतर नागरिकत्वही नाकारलं गेलं होतं.

व्हिएतनामवर चीनने जवळजवळ हजार वर्षं राज्य केलं, 938 मध्ये बाखदांग नदीत टोकदार खांब रोवून व्हिएतनामींनी चिनी जहाजं अडकवली. नंतर फ्रेंच 1954 ला हरले, 1975 ला अमेरिकेच्या पाठिंब्यावरचं सायगाव पडलं. शिवाजी महाराजांपासून प्रेरणा घेऊन व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं, हे व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड सोडा, आपला खरा धागा मध्य व्हिएतनाममधल्या जुन्या हिंदू चंपा राज्याचा आहे. ‘मी सन’ (My Son) या गावची त्यांची बरीच विटांची शिवमंदिरं 1969 च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाली, उरलेली बघताना खरंच पोटात तुटतं.

जेवणात श्रीलंका सोपी, भात, नारळातली डाळ, भाज्या. व्हिएतनाममध्ये माशाचा सॉस जवळपास सगळ्यात पडतो, शाकाहारी असाल तर बौद्ध शाकाहारी खाणावळी शोधा, पौर्णिमा-अमावस्येला जास्तच मिळतात.

तर लहान मुलं-म्हातारी माणसं आणि दिवाळीची सुट्टी असेल तर श्रीलंका, दुपारच्या सरींसाठी छत्री ठेवा. मे महिना, दहा-बारा दिवस आणि उन्हात चालायची तयारी असेल तर माझं मत व्हिएतनामला.