सैनिकी पेन्शन आणि ईसीएचएसवर नाशिकचं केअर होम परवडतं का?

आधी निकाल सांगतो. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची सरकारी आरोग्य योजना, उपचारांसाठी भक्कम आहे, रोजच्या सांभाळासाठी मात्र तिच्यावर विसंबता येत नाही. देवळाली कॅम्प, नाशिकरोड या पट्ट्यात माजी सैनिकांची घरं भरपूर, आणि ‘कार्ड आहे म्हणजे केअर होमचंही बिल निघेल’ हा समजही तितकाच पसरलेला. साधारणपणे निघत नाही. २००३ पासून चालू असलेली ही योजना तपासणी, औषधं, ऑपरेशन, ॲडमिट होणं यांचा खर्च उचलते. खोलीचं भाडं, जेवण, आंघोळ घालणारी मावशी, रात्रपाळीचा माणूस हे सगळं पेन्शनमधूनच. अमेरिकेत माजी सैनिकांना अशा मदतीसाठी ‘एड अँड अटेंडन्स’ म्हणून जादा पैसे मिळू शकतात, त्यामुळे तिकडची मुलं इथेही तेच शोधतात. आपल्याकडचा कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स (सतत सोबतीला माणूस लागतो म्हणून मिळणारा भत्ता) सेवेमुळे आलेल्या १०० टक्के अपंगत्वासाठी आहे, तोही मेडिकल बोर्डाची शिफारस असेल तरच. नुसत्या वयामुळे अंथरुणाला खिळलेल्यांना तो लागू नाही.

मग पैसा कुठून उभा राहतो? वयानुसार वाढणाऱ्या पेन्शनमधून. ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनच्या २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के जादा, शिवाय या वाढीवर महागाई भत्ता. मूळ पेन्शन २०,००० असेल तर ८० व्या वर्षी ४,००० अधिक भत्ता. ही वाढ अडते ती बहुतेक जन्मतारखेवर. विशेषतः जुन्या पीपीओत (पेन्शन मंजुरीच्या आदेशात) पत्नीची जन्मतारीख नसते किंवा आधारशी जुळत नाही. केअर होम शोधण्याआधी स्पर्श या सैनिकी पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर दोघांच्या जन्मतारखा तपासून दुरुस्त करून घ्या.

करार करताना सगळ्यात मोठी चूक इथे होते: फी नवऱ्याच्या पेन्शनवर ठरवली जाते. ते गेले की साधी फॅमिली पेन्शन ढोबळमानाने मूळ पेन्शनच्या ६० टक्क्यांवर येते, २०,००० चे १२,०००. त्यांच्या वयाची वाढही थांबते, कारण पुढची वाढ पत्नीच्या वयावर मोजतात. ७४ वर्षांच्या काकूंना ती सहा वर्षांनी मिळणार. म्हणून एका माणसाची फी फॅमिली पेन्शनमध्ये बसते का, हे पाहूनच डिपॉझिट भरा. खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ ठेवा, म्हणजे दोघांपैकी कोणीही, आणि मागे राहील तो एकटाही, ते चालवू शकेल.

जागा निवडताना बागेपेक्षा पॉलिक्लिनिकचं (ईसीएचएसच्या दवाखान्याचं) अंतर महत्त्वाचं. गंगापूर रोडवरून देवळालीला जायचं तर अख्खं शहर ओलांडावं लागतं, आणि दर महिन्याच्या औषधांसाठी व्हीलचेअरवरच्या माणसाला हे झेपत नाही. होमला दोन प्रश्न लेखी विचारा: पॉलिक्लिनिकला सोबत कोण येणार, आणि रात्री त्रास झाला तर कुठल्या हॉस्पिटलात नेणार? त्यांचं नेहमीचं हॉस्पिटल ईसीएचएसच्या पॅनेलवर (मान्यताप्राप्त यादीत) नसेल तर बिल आधी तुम्हाला भरावं लागतं. परतावा फक्त खऱ्या इमर्जन्सीत, तोही सरकारी दरानं, आणि ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवलं असेल तर. फरक खिशातून जातो. पॅनेलवरच्या हॉस्पिटलांची यादी छापून होमच्या ऑफिसात लावायला सांगा. हे फुकटचं काम लाखाचं बिल वाचवू शकतं.

हयातीचा दाखला घरबसल्या होतो. बोटांचे ठसे झिजलेले असतात, म्हणून जीवन प्रमाण या सरकारी ॲपवर चेहऱ्याची ओळख वापरा. पेन्शन देणारी संस्था निवडताना बँक नव्हे, ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ निवडा. बँक निवडली तर दाखला स्पर्शपर्यंत पोचत नाही आणि पेन्शन अडकते, इकडे होमची फी मात्र चालूच.

ज्यांना पेन्शनच नाही, असे हवालदारपर्यंतच्या हुद्द्याचे ६५ वरचे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांच्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची पेन्युरी ग्रँट (हलाखीतल्यांसाठीचं अनुदान) आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ती महिना ४,००० वरून ८,००० झाली. अर्ज बोर्डाच्या पोर्टलवर, पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून. तेवढ्यात पूर्ण सांभाळ भागणार नाही. घरीच दिवसपाळीची मावशी ठेवायला मात्र या पैशांचा चांगला हातभार लागतो.