‘समुद्रातून काढलेला’ स्पीडोमीटर घेण्याआधी मागचं झाकण उघडून बघा

सीवूड्स-बेलापूर भागात एक गृहस्थ बुडालेल्या लष्करी गाड्यांचे सुटे भाग विकत फिरतोय. स्वतःला मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेला म्हणवतो. माझ्या गळ्यात त्याने बीएसए एम-२० मोटारसायकलचा स्पीडोमीटर १८,००० रुपयांना मारला.

त्याची कथा पक्की, कारण निम्मी खरी आहे. ‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन विमानांनी तांबड्या समुद्रात बुडवलं. पोटात बेडफर्डचे ट्रक, बीएसएच्या मोटारसायकली, दारूगोळा. ते सगळं आजही साधारण ३० मीटर खोलीवर पडून आहे, डायव्हर हौसेने बघायला जातात. इतकं सगळं तो बिनचूक सांगतो, की ‘त्यातलाच हा एक, इजिप्तमध्ये एका डायव्हरकडून घेतला’ हेही सहज गळी उतरतं. वर गोल शिक्क्याचं सर्टिफिकेट. आता सांगा, बुडीत जहाजावरून गुपचूप उचललेल्या वस्तूला कागद कोण देईल? तो कागद म्हणजे चोरीची लेखी कबुलीच की!

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये ओळखीच्या टर्नरकडे तो मीटर उघडला. युद्धकाळातल्या एम-२० ला स्मिथ्स कंपनीचा क्रोनोमेट्रिक मीटर असायचा. त्याच्या आत घड्याळासारखी चाकं असतात, त्यामुळे काटा सरकत जात नाही, टकटक उड्या मारतो. इथे आत निघालं साधं लोहचुंबक आणि अॅल्युमिनियमची वाटी, म्हणजे नंतरच्या कुठल्याही मोटारसायकलचा मीटर. डायल तेवढी मैलांची छापून चिकटवलेली. स्क्रूवर टर्नरने एम-४ चा, म्हणजे ४ मिलिमीटर मेट्रिक मापाचा, नट लावला, तो लोण्यासारखा शेवटपर्यंत फिरला. त्या काळच्या ब्रिटिश उपकरणांत बीए (ब्रिटिश असोसिएशन) या वेगळ्या मापाचे आटे असत, त्यांवर हा नट असा बसत नाही. टर्नर हसून म्हणाला, “दादा, हे समुद्रात नाही, बादलीत बुडालंय.”

गंजाचंही तेच. बाहेरचे शिंपले खरे होते, पण खाली एम-सीलचा थर. लोखंड इतकी वर्षं खाऱ्या पाण्यात राहिलं की मीठ आत मुरतं. बाहेर काढून नुसतं वाळवलं तर पापुद्रे सुटून ढलप्या पडतात. म्हणून संग्रहालयांत अशा वस्तू महिनोन्‌महिने अल्कधर्मी पाण्यात बुडवून त्यातलं मीठ काढतात. माझ्या मीटरवरचा गंज मात्र ठाण्याच्या अख्ख्या पावसाळ्यात जागचा हलला नाही. मीठ-व्हिनेगरने एका रात्रीत आणलेला असा गंज वरवरचाच असतो, नखाने खरवडला तरी खाली चकचकीत पत्रा दिसतो.

पैसे यूपीआयने गेले होते, ते खातं निघालं तिसऱ्याच माणसाच्या नावावर. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरवर तक्रार नोंदवली आहे, रक्कम अजून परत नाही. तुमचं असं काही झालं तर त्याच दिवशी फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकले की गोठवणं अवघड होतं.

सध्या तो विक्रेता ‘गाझी’चं घड्याळ दाखवतोय. हो, १९७१ मध्ये विशाखापट्टणमजवळ बुडालेली तीच पाकिस्तानी पाणबुडी. माझ्या एका मित्राला त्याने फोटो पाठवले, भाव ४५,००० सांगितला. मित्राने मागचं झाकण उघडून दाखवा म्हटल्यावर उत्तर आलं, “साहेब, उघडलं की व्हॅल्यू गेली.”