कॅरिबियन बंदरांवरची खरेदी: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, मग तपशील. बहामाजमधलं नासाउ, सेंट थॉमस आणि सेंट मार्टेनहून जे काही उचलून आणलं, त्यातलं रोजच्या वापरात राहिलं ते फक्त ताडाच्या पात्यांची टोपली आणि तिखट सॉस. ज्यावर खरे पैसे गेले ते टँझनाइट या निळ्या-जांभळ्या खड्याचे कानातले वाईट नाहीत, पण त्यांच्यासाठी समुद्र ओलांडायची काही गरज नव्हती. आम्ही न्यू जर्सीत राहतो, क्रूझ, म्हणजे बंदरोबंदरी थांबणारी जहाजाची सहल, फ्लोरिडातून घेतली. २०१७ च्या इर्मा वादळाआधीही या बंदरांवर जाऊन आलो होतो, त्यामुळे बाजाराची उतरती कळा लगेच नजरेत भरली.

कानातल्यांपासून सुरुवात करते. टँझनाइट मिळतो टांझानियात, मेरेलानीच्या टेकड्यांत. १९६७ मध्ये सापडला आणि पुढच्याच वर्षी टिफनीने त्याला हे नाव देऊन बाजारात आणला. आफ्रिकेतला खडा कॅरिबियनमध्ये एवढा का विकतात, हे जहाजावरच्या 'शॉपिंग टॉक'मध्ये (बंदरावर काय घ्यावं हे सांगणाऱ्या भाषणात) कोणी विचारत नाही. तिथं पालुपद एकच: जगात एकाच ठिकाणी निघतो, खाण संपत आली, आज नाही तर कधीच नाही. सेंट थॉमसच्या दुकानात पिवळ्या दिव्यांखाली खडे गडद जांभळे दिसत होते. घरी स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली ते निळे दिसतात आणि ढगाळ दिवशी फिकुटलेले वाटतात. ही फसवणूक नाही, त्या खड्याची जातच तशी. कोन आणि उजेड बदलला की रंग बदलतो. पण घेण्याआधी दुकानाच्या दारात, उन्हात नेऊन बघाच. कठीणपणा साडेसहाच्या आसपास (हिऱ्याचा १०), म्हणून रोजच्या अंगठीसाठी हा खडा नको. कानात मात्र छान टिकलाय, ओरखडा नाही. तक्रार चांदीची आहे. फिरकीजवळचा रोडियम धातूचा मुलामा उडाला आणि डाव्या कानातली फिरकी आता अर्ध्या दिवसात सैल होते.

ओक ट्री रोडवरच्या आमच्या नेहमीच्या सोनाराकडे फिरकी बदलायला नेले, तेव्हा दुकानाने सोबत दिलेला 'मूल्यांकनाचा' कागदही दाखवला. त्यावर आम्ही दिलेल्या पैशांच्या जवळपास दुप्पट आकडा आहे. सोनाराने भिंगातून खडे बराच वेळ पाहिले, कागद मात्र न वाचताच बाजूला सारला. खडे अस्सल आहेत म्हणाला. "असा जोड मी तुम्हाला याच भावात करून दिला असता, आणि मोडीत काय मिळेल तेही आधीच सांगितलं असतं." विम्यासाठी लिहिलेला आकडा आणि विकायला गेल्यावर हातात पडणारा आकडा यांचा एकमेकांशी संबंध नसतो, हे त्याने माझ्या नवऱ्याला दोनदा समजावलं. (नवरा तो कागद फाइलमध्ये जपून ठेवणार होता.)

आता मुद्दा भावाचा. सेंट थॉमस अमेरिकेचं, १९१७ मध्ये शेजारच्या बेटांसह डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरचं सोनं देऊन घेतलेलं. पण जकातीच्या हिशेबात ते अजून बाहेरचंच. अमेरिकेत परतणाऱ्या रहिवाशाला तिथून माणशी १,६०० डॉलरपर्यंतचा माल जकातीशिवाय आणता येतो, बहामाजसारख्या ठिकाणाहून ८०० डॉलरपर्यंत. ही जकातीतली सूट आहे, दुकानदाराने भाव उतरवलाय असा तिचा अर्थ नाही. पण 'ड्यूटी-फ्री' पाटी दिसली की आपण स्वस्त असं धरून चालतो. घरी घेतलं असतं तर लागला असता तो न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के. मूळ भावच घासाघिशीसाठी फुगवलेला असेल, तर ही बचत तो भाव उतरायच्या आधीच संपलेली असते.

पूर्वी हा हिशेब जागेवर करता येत नव्हता. जहाजावर इंटरनेट मिनिटांच्या भावाने विकत घ्यावं लागायचं, म्हणून दुकानदार सांगेल तो अमेरिकेतला भाव खरा. मग २०२२ पासून रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने जहाजांवर स्टारलिंक हे उपग्रहावरून चालणारं इंटरनेट बसवायला घेतलं, पाठोपाठ इतरांनीही. या खेपेला माझ्या जाऊबाई काउंटरवर उभ्या राहून, सेल्समनच्या देखत, तोच परफ्यूम फोनवर शोधत होत्या. घरपोच सात डॉलर कमी. सेल्समन हसला, आणि त्याने बाटली परत कपाटात ठेवली. भाव कमी करण्याच्या भानगडीत पडलाच नाही. कॅमेरे, दुर्बिणी, म्युझिक प्लेअर यांची दुकानं तर फोनने कधीच गिळली. एके काळी लोक कॅमेऱ्याचा मॉडेल नंबर चिठ्ठीवर लिहून सेंट थॉमसला उतरायचे.

शार्लट अमालीची, म्हणजे सेंट थॉमसच्या मुख्य गावाची, मेन स्ट्रीट मला अजूनही आवडते. डॅनिश काळातल्या दगडी वखारी, जाड भिंती, लोखंडी दारं, मधून समुद्राकडे उतरणाऱ्या अरुंद गल्ल्या. पण दागिन्यांचं दुकान, पुन्हा दागिन्यांचं दुकान, मग कुलूप लावलेलं दार, मग टी-शर्ट, असा क्रम लागलाय. बरेचसे प्रवासी गावात येतही नाहीत; धक्क्याजवळच्या हॅवनसाइट बाजारात फेरी मारून परततात किंवा उघड्या सफारी टॅक्सीत बसून थेट मॅगन्स बेला पोहायला जातात. खरं सांगायचं तर मीही त्यांना दोष देणार नाही. तीच दुकानं, तेच फलक मेक्सिकोतल्या कोझुमेलला, तेच नासाउला. जहाजावर वाटतात त्या नकाशात जी दुकानं ठळक असतात, ती जाहिरातीचे पैसे भरून आलेली असतात, हे नकाशावरच बारीक अक्षरात छापलेलं असतं. 'फुकट चार्म' (साखळीला लावायचं लटकन) वाटणारी दुकानंही त्यातच. ती फुकट साखळी आमच्या भाचीने हौसेने घातली. काळी पडली, मनगटावर हिरवा डाग उमटला, कचऱ्यात गेली.

फिलिप्सबर्ग, म्हणजे सेंट मार्टेनच्या डच बाजूचं मुख्य गाव, हा माझ्या आवडीचा भाग. तिथल्या फ्रंट स्ट्रीटवरचे कितीतरी दुकानदार सिंधी. जाऊबाईंनी टेबलक्लॉथ उचलला आणि मला हळूच मराठीत म्हणाल्या, "चाळीसच्या वर एक डॉलर देऊ नकोस, माल चायनाचा आहे." गल्ल्यावरचे काका मान वर न करता म्हणाले, "ताई, पंचेचाळीस द्या, सगळाच माल तिकडचा आहे." त्यांचं बालपण उल्हासनगरातलं निघालं! मग भावाचं राहिलं बाजूला, बराच वेळ गप्पाच झाल्या. त्यांचं गाऱ्हाणं साधं होतं. आता एकेका जहाजातून पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त माणसं उतरतात, पण गल्ल्यात पूर्वीइतकं पडत नाही. तरुण मंडळी समुद्रावर जातात. मोठ्या खरेदीची म्हातारी गिऱ्हाइकं कमी होत चाललीत, आणि प्रयोगशाळेतला हिरा इतका स्वस्त झालाय की खाणीतल्या हिऱ्याचा भाव सांगितला की माणूस उठूनच जातो. त्यांच्या मुलाला दुकानात रस नाही. टेबलक्लॉथ चाळीसला मिळाला. वापराचं सांगायचं तर हळदीचा डाग दोन धुण्यांत निघाला, कापड आटलं नाही, पण कोपऱ्यातल्या जाळीच्या नक्षीचे धागे सुटायला लागलेत. सणावारीच काढा.

काकांनी न बोललेलं कारण मला जास्त मोठं वाटतं. प्रवाशाच्या खिशातला डॉलर गावापर्यंत पोचूच नये, अशी सोय जहाज कंपन्यांनी करून ठेवली आहे. रॉयल कॅरिबियनने कोकोके या आपल्या बहामाज बेटावर २५ कोटी डॉलर ओतून २०१९ मध्ये पाण्याच्या घसरगुंड्या उभ्या केल्या. कार्निव्हलने जुलै २०२५ मध्ये ग्रँड बहामावर 'सेलिब्रेशन की' हे स्वतःचं ठिकाण सुरू केलं. तिथं गावातल्यासारखा बाजार नाही, बहुतेक पैसे जहाजाच्याच कार्डावर. काही ठिकाणी तर बंदरही कंपनीने उभं केलेलं किंवा उभं करण्यात भागीदारी केलेली: होंडुरासच्या रोआटानवर महोगनी बे या नावाने उभं राहिलेलं बंदर, जमैकातलं फाल्मथ, डोमिनिकन रिपब्लिकमधलं अँबर कोव्ह. कुंपणाच्या आत ओळखीची दुकानं, कुंपणाबाहेर गावातले विक्रेते हाका मारत उभे. मुलांना घसरगुंडीच हवी असते, आणि त्यांच्यासोबत गेलेल्या आईबापांना दुपारी उन्हात अंगठ्या बघत हिंडायचा उत्साह नसतो. म्हणून बाजार मेला तो फक्त महागाईने नाही; गिऱ्हाइकाचा दिवसच दुसऱ्याने विकत घेतलाय.

नासाउचं स्ट्रॉ मार्केट २००१ मध्ये जळालं, आताची इमारत २०११ ची. आत बराचसा माल बाहेरून आलेला: छापील टी-शर्ट, ब्रँडच्या नकली पर्स. नकली पर्स घेऊ नका, परत येताना कस्टम्समध्ये जप्त होऊ शकते. मी शोधत होते ती बाई शेवटच्या रांगेत सापडली. मांडीवर ताडाची पाती, बोटांनी पट्टी विणत होती, शिलाईला मशीन नाही. अस्सल टोपली ओळखायची कशी? आत नाक घाला. वाळलेल्या गवताचा वास आला तर घ्या, वॉर्निशचा आला तर सोडा. पट्ट्यांच्या जोडावर हाताचे टाके थोडे वाकडे दिसतात. भाव तिने एक पैसा उतरवला नाही, आणि मलाही घासाघीस करवली नाही. टोपली तेव्हापासून कांदे-बटाट्यांसाठी आहे. तळाला एक पात सुटली होती, ती ओली करून परत आत सरकवली, अजून घट्ट आहे. ओलसर ओट्यावर ठेवू नका, बुरशी धरते.

सेंट मार्टेनचं ग्वावाबेरी लिकर चवीला ठीक, खोकल्याच्या औषधाची आठवण करून देतं, पाहुण्यांनी संपवलं. स्कॉच बॉनेट मिरचीचा सॉस मात्र थालीपिठाबरोबर आणि मिसळीत एक थेंब, असा घरात रुळलाय. बंदरावर घेतलेली दारूची बाटली जहाजात चढताना जमा करून घेतात आणि शेवटच्या मुक्कामाला परत देतात, सॉसला तो नियम नाही. फ्लोरिडाहून पुढे विमान असेल तर सॉस चेक-इन बॅगेतच टाका, झाकणाला टेप लावून. माझी एक बाटली गळली, आणि नवऱ्याचे पांढरे शर्ट अजून गुलाबी आहेत.