पूरक्षेत्र आणि गटनकाशा: क्यूजीआयएस की पोस्टजीआयएस?

सांगलीत कृष्णेच्या पूरक्षेत्रात कोणत्या गटाची किती जमीन येते, हे काढायचे आहे. एकाच गावाचा नकाशा असेल तर क्यूजीआयएस हे नकाशांचे मोफत सॉफ्टवेअर पुरे: आधी ‘फिक्स जॉमेट्रीज’ (आकारांतल्या चुका दुरुस्त करणे), मग ‘इंटरसेक्शन’ (गट आणि पूरक्षेत्र या दोन थरांचा सामाईक भाग काढणे). पहिली पायरी गाळली तर स्वतःलाच छेदणाऱ्या एखाद्या बहुभुजापायी काम मध्येच थांबते.

अख्खा जिल्हा, तोही दर पावसाळ्यात नव्याने, असेल तर पोस्टजीआयएस, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसला नकाशे हाताळायला शिकवणारी जोड. गट आणि पूरक्षेत्र या दोन्ही टेबलांवर जिस्ट इंडेक्स (जागेनुसार शोध झटपट करणारी सूची), जोडणीत एसटी_इंटरसेक्ट्स (दोन आकार एकमेकांना भिडतात का, हे तपासणारे फंक्शन), मग सामाईक भाग काढणारे एसटी_इंटरसेक्शन. इंडेक्स विसरलात तर चहाच काय, जेवूनही या! नुसत्या कडेने चिकटलेल्या गटांतून रेषा नि बिंदू निघतात. एसटी_कलेक्शनएक्स्ट्रॅक्ट या फंक्शनला ३ (म्हणजे बहुभुज) देऊन फक्त बहुभुज ठेवा.

क्षेत्रफळ दोन्हीकडे अक्षांश-रेखांशांवर काढू नका. थर आधी ईपीएसजी ३२६४३ मध्ये (सांगलीला लागू पडणारी, मीटरमध्ये मोजणारी निर्देशक पद्धत) आणा, म्हणजे थेट चौरस मीटर मिळतात.