लंडनच्या रुग्णालयातील इलेक्टिव्ह: परतल्यानंतर काही महिन्यांनी

ज्या एजन्सीने माझी इलेक्टिव्ह (वैद्यकीय विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या रुग्णालयात काही काळ शिकायला जाणे) जुळवून दिली, तिने शुल्काचा काही भाग परत करण्यास गेल्या आठवड्यात अंतिम नकार कळवला. नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील जे ज्युनियर "जावे का?" असे विचारत असतात, त्यांच्यासाठी हा अनुभव त्या निमित्ताने एकदाचा लिहून ठेवत आहे. इलेक्टिव्ह म्हणजे काय आणि बेंच फी, म्हणजे त्यासाठी रुग्णालय घेते ते शुल्क, कशाची असते हे त्यांना ठाऊकच आहे, म्हणून थेट माझ्या पहिल्या तक्रारीवर, म्हणजे वॉर्डच्या बंद दारावर, येते.

माझे पोस्टिंग होते त्या इमारतीत वॉर्डचे दार कार्ड लावल्याशिवाय उघडत नसे. मला मिळालेल्या कार्डावर नाव होते, छायाचित्र होते, परंतु त्याने एकही दार उघडत नव्हते. आयटी विभाग म्हणे सुरक्षा विभागाकडे जा, सुरक्षा विभाग म्हणे समन्वयकाचा ईमेल आणा, आणि समन्वयक रजेवर. परिणामी राउंडमधून पाणी पिण्यासाठी बाहेर पडले, तरी परत आत जाण्यासाठी बेल वाजवून कामात बुडालेल्या एखाद्या सिस्टरची क्षमा मागावी लागे. पाउंड १०० रुपयांपलीकडे गेलेला असताना बंद दारासमोर गेलेल्या वेळेचा हिशेब मी रुपयांत करत असे. एजन्सीच्या मते कार्ड 'देण्यात आले' असल्याने तिची जबाबदारी संपली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्कही लागत नाही, एवढी माहिती मी काढून ठेवली आहे.

त्या मानाने एजन्सीच्या माहितीपत्रकातील 'हँड्स-ऑन', म्हणजे रुग्णावर प्रत्यक्ष हाताने काम करायला मिळेल, हा दावा अधिक गंभीर होता, हे मला मान्य आहे. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर इलेक्टिव्ह करता येते, मात्र ती विनावेतन असावी आणि रुग्णावर उपचार करू नयेत, अशी अट असते. म्हणजे साधे कॅन्युलासुद्धा (सलाइनसाठी शिरेत घालायची बारीक नळी) लावायचे नाही. शिवाय तेथे कोपराखाली हात उघडे ठेवण्याचा दंडक असल्यामुळे डॉक्टर लांब बाह्यांचा पांढरा एप्रन घालत नाहीत. एजन्सीच्या यादीत एप्रन होते, म्हणून नागपूरच्या बर्डी बाजारातून मुद्दाम शिवून नेलेले एप्रन घडीही न मोडता परत आले.

हा मजकूर तेथे असतानाच लिहिला असता, तर तो "जाऊ नका" एवढ्यावरच संपला असता. मत बदलले ते सिकलसेलमुळे, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक आजारामुळे. गोंदिया-गडचिरोलीकडचे सिकलसेलचे रुग्ण पाहतच आपण शिकतो, त्यामुळे आजार मला नवा नव्हता; आपल्याकडच्या अनेक रुग्णांत फीटल हिमोग्लोबिन (गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन) जास्त असल्याने आजार तुलनेने सौम्य राहतो, तर लंडनमधील आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्या रुग्णांत तो बहुधा अधिक तीव्र असतो. नवे होते ते वेदनेकडे घड्याळ लावून पाहणे. 'नाइस' या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या २०१२ च्या सूचनांनुसार क्रायसिसमध्ये, म्हणजे सिकलसेलच्या तीव्र वेदनांच्या झटक्यात, आलेल्या रुग्णाला ३० मिनिटांच्या आत वेदनाशामक मिळाले पाहिजे, वेदना तीव्र असल्यास मॉर्फिनसारखे औषध द्यावे, पेथिडीन हे दुसरे वेदनाशामक देऊ नये, आणि आराम पडेपर्यंत दर ३० मिनिटांनी पुन्हा तपासावे. मी पाहिलेल्या एका तरुणाची स्वतःची लेखी उपचार-योजना त्याच्या फोनमध्ये होती आणि ट्रायाजच्या (आलेल्या रुग्णांची निकड ठरवणाऱ्या कक्षाच्या) सिस्टरने नाव विचारल्यावर लगेच तीच मागितली. नियम तेथेही सर्वत्र पाळला जातो असे नाही. ब्रिटिश संसदेतील सर्वपक्षीय गटाच्या २०२१ च्या अहवालाने वेदनाशामक मिळण्यातील दिरंगाईवर कठोर टीका केली होती. परंतु उशीर मोजता येतो, कारण वेळ लिहिलेली असते.

परतल्यापासून कॅज्युअल्टीत सिकलसेलचा रुग्ण आला, की आल्याची वेळ आणि पहिल्या वेदनाशामकाची वेळ मी केस पेपरवर शेजारी-शेजारी लिहिते. सोबतच्यांनी आधी थट्टा केली. आता आमचे रेसिडेंट डॉक्टर त्या दोन वेळा मला आपणहून विचारतात. कार्डाचा राग कायम असूनही शुल्कातील रुग्णालयाचा वाटा मी आता वाया गेला असे म्हणणार नाही. एजन्सीचा वाटा मात्र गेलाच.

ज्यांना जायचे असेल त्यांनी एखादा ठरावीक विषय मनात धरून संबंधित विभागाला स्वतः पत्र लिहावे आणि कार्डाने कोणती दारे उघडतील हे निघण्यापूर्वी लेखी घ्यावे. खोली रुग्णालयाजवळ घेण्याचा मोह टाळावा, कारण लंडनच्या बसला अंतर कितीही असो भाडे एकच असते आणि तासाभरात बस बदलल्यास पुन्हा पैसे पडत नाहीत.