गंगापूर रोडचा ‘इन्व्हेस्टमेंट’वाला फ्लॅट: चार वर्षं झाली, आता सांगतो

रेटिंग आधीच देऊन टाकतो, ५ पैकी ३. एरियाला साडेचार, बिल्डिंगला साडेतीन आणि इन्व्हेस्टमेंटला दीड. सरासरी ज्याची त्याने काढा. बिल्डरचं नाव लिहीत नाहीये, उगाच भानगड नको, आणि खरं सांगायचं तर नाव बदललं तरी गोष्ट फार बदलत नाही.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, बाबांच्या घरात. बाबा अंबडच्या कंपनीतून रिटायर झाले, घर कधीच फिटलेलं, कर्ज नाही, त्यामुळे आपल्या पगारातून ‘काहीतरी करायला पाहिजे’ हा किडा २०२० पासून डोक्यात होता. त्यात मेव्हणा कॉलेज रोडला राहतो. तो दर रविवारी मिसळ खाताना एकच सांगणार, दाजी, एफडीत काय ठेवलंय पाच टक्क्यावर, गंगापूर रोडला घ्या आणि विसरून जा, पाच वर्षांत डबल. हे ‘विसरून जा’ मला फार आवडलं होतं. ज्या गोष्टीचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला कटतो ती कशी विसरणार हे तेव्हा सुचलं नाही.

तर २०२१ च्या दिवाळीत बुक केला. आनंदवलीच्या पुढे, सोमेश्वरच्या अलीकडे, मेन रोडपासून दोन मिनिटं आत (सेल्सवाल्याची दोन मिनिटं, माझी चालत सात). टू बीएचके, रेरा कार्पेट (घरखरेदीच्या रेरा कायद्याप्रमाणे मोजलेली आतली जागा) ७९० स्क्वेअर फूट, ॲग्रीमेंट ७२ लाख. आता लोक इथेच थांबतात, ‘७२ ला घेतला’ म्हणतात, मीपण म्हणायचो. पण अंडर कन्स्ट्रक्शन म्हणून ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख ६० हजार, ते गेले. स्टॅम्प ड्युटी गेली, रजिस्ट्रेशनचे ३० हजार गेले, मग मीटर, सोसायटी डिपॉझिट, लीगल चार्जेस अशी एक यादी येते जी बुकिंगच्या दिवशी कोणी दाखवत नाही, आणि भाड्याने द्यायचा तर किचन ट्रॉली, ग्रील, पंखे, गीझर हे पण करावंच लागतं. सगळं धरून ८५ लाखाला टेकलं. एक बरं केलं, फ्लॅट एकट्या बायकोच्या नावावर घेतला, त्यामुळे स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट मिळाली, ७२ हजार वाचले. तेव्हा त्या सुटीला अट होती की १५ वर्षं तो फ्लॅट पुरुषाला विकायचा नाही, आणि मी इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतोय आणि ही अट वाचलीच नव्हती!! नशीब २०२३ ला सरकारने ती काढून टाकली.

लोनचं पण तसंच. ५७ लाख लोन, सँक्शन झालं तेव्हा रेट ६.८, २० वर्षांचा हप्ता साडेत्रेचाळीस हजार दाखवला होता, मी एक्सेल करून बायकोला दाखवलं, सगळं बसतंय. मग मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो (ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर) वाढवायला सुरुवात केली आणि ४ चा साडेसहा होईपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी २०२३ पर्यंत, थांबलेच नाहीत. ताबा मिळून पूर्ण हप्ता चालू झाला तेव्हा रेट ९ च्या वर आणि हप्ता बावन्न हजार. जुन्या हप्त्यात तर नुसतं व्याजपण भागलं नसतं. २०२५ मध्ये रेपो परत खाली आला तसा हप्ता थोडा उतरलाय, पण ती एक्सेल शीट मी डिलीट केली.

आता सँपल फ्लॅट. ह्याच्यावर वेगळा रिव्ह्यू लिहिता येईल इतका भारी होता. बाबांना घेऊन गेलो होतो. बाबा आत आले, इकडेतिकडे बघितलं आणि काही न बोलता बेडरूममधल्या बेडवर चपला काढून आडवे झाले. पाय गुडघ्याखाली पूर्ण बाहेर. सेल्सवाला पळत आला, काका तो फक्त डिस्प्लेला आहे हो. बाबा म्हणाले, मग माणसं पण डिस्प्लेला ठेवायची का इथे. मी हसण्यावारी नेलं. आत दरवाजे बसवलेले नव्हते, कपाटं नावापुरती उथळ होती, त्यामुळे खोल्या मोठ्या वाटत होत्या. ताबा मिळाल्यावर बाबांनी टेप आणला, एक टोक मी धरलं, एक त्यांनी, आणि अख्खा फ्लॅट मोजला तर ७५४ भरला. मी तावातावाने फोन केला तर कळलं की रेरा कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडी धरतात, कायद्यातच तसं आहे, फसवणूक नाही. म्हणजे छत्तीस स्क्वेअर फूट भिंत मी कार्पेटच्या भावाने घेतली. बाल्कनी त्यात धरत नाहीत, ती वेगळी लिहितात, हे पण ॲग्रीमेंट करताना नीट बघा.

ताब्याच्या तारखेचा प्रकार तर सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा. ब्रोशरवर आणि तोंडी डिसेंबर २०२२. मिळाला ऑगस्ट २०२३ मध्ये. भांडायला गेलो तर त्यांनी शांतपणे महारेराची (रेरा कायदा राबवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची) साईट उघडून दाखवली, तिथे त्यांनी स्वतःच तारीख टाकलेली मार्च २०२४. म्हणजे कागदावर ते सात महिने लवकर आले होते, आणि वर पेढे पण देत होते. बुकिंगच्या आधी साईटवर प्रोजेक्टचा नंबर टाकायचा आणि तीच तारीख खरी धरायची, ब्रोशर रद्दीत. आणि ॲग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी १० टक्क्यांच्या वर एक रुपया द्यायचा नाही, त्यांना घेताच येत नाही. आमच्याकडे मागितले होते वीस, ‘सर, रेट होल्ड करायला’.

एक गोष्ट मात्र बिल्डरच्या बाजूने बोलतो, पूर्णत्वाचा दाखला, म्हणजे बांधकाम मंजुरीप्रमाणे पूर्ण झाल्याचा महापालिकेचा कागद, हातात मिळाला. नाशिकमध्ये ही छोटी गोष्ट नाही. २०१५ नंतरचं ते कपाट प्रकरण आठवतंय का? कपाटांची जागा एफएसआयमध्ये (प्लॉटवर जेवढं बांधकाम करता येतं त्या मोजणीत) धरायची की नाही ह्यावरून शहरातल्या बिल्डिंगांचे दाखले अडकले होते. माझ्या ऑफिसमधला एक जण त्यात सापडलेला, घरात राहतोय, हप्ता भरतोय, पण विकायला काढला की गिऱ्हाइकाची बँक दाखला मागणार आणि ते उठून जाणार. म्हणून जुना फ्लॅट बघत असाल तर टाईल्स आणि मॉड्युलर किचन नंतर बघा, आधी तो एक कागद मागा.

नदीच्या बाजूचं पण तसंच. ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून लाखभर जास्त घेतात. अहो, आपण नाशिककर ना, पूर आला की टीव्ही लावत नाही, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं ते विचारतो. २००८ आणि २०१९ दोन्ही पाहिलेत. पूररेषा असते, निळी आणि लाल, आपला प्लॉट तिच्या आत की बाहेर हे विचारा, नुसता व्ह्यू नका बघू. आमची बिल्डिंग बाहेर आहे. व्ह्यू मात्र गेला. सँपल फ्लॅटच्या गॅलरीतून मागे द्राक्षाची बाग दिसायची, बायकोने फोटो काढून स्टेटसला ठेवलेला. आता तिथे निळा पत्रा, आणि पत्र्यावर दुसऱ्या बिल्डरच्या ब्रोशरमधला हिरवागार डोंगर.

भाव वाढणार ह्याची जी कारणं आम्हाला सांगितली त्याचा हिशोब पण देतो. पहिलं मेट्रो निओ, म्हणजे नाशिकसाठी ठरलेली टायरवरची मेट्रो. २०२१ च्या केंद्राच्या बजेटमध्ये २०९२ कोटी जाहीर झाले होते, खरंच झाले होते, आम्ही त्याच वर्षी बुक केला, पण मला अजून एक खांब उभा दिसलेला नाही. दुसरं समृद्धी. ती जून २०२५ ला पूर्ण चालू झाली, मुंबई जवळ आली हे खरंय, पण ती मुंबई इगतपुरीला जवळ आली, गंगापूर रोडवरून समृद्धीला लागायचं तर आधी अख्खं नाशिक पार करायचं. तिसरं कुंभमेळा. हे तर ऐकून कान किटले. साधुग्राम तपोवनात, पर्वणीला गर्दी रामकुंडावर, शैव आखाडे त्र्यंबकला, आणि भाव वाढणार आमच्या सोमेश्वरला? का तर म्हणे कुंभमेळा! मागचा २०१५ ला झाला तेव्हाही हेच बोलले होते, बाबांना पाठ आहे.

एरियाबद्दल मात्र तक्रार नाही, साडेचार उगाच नाही दिले. सकाळी सोमेश्वरकडे फिरायला जा, हवा वेगळी, झाडं आहेत, शाळा, हॉस्पिटलं, चांगली हॉटेलं सगळं जवळ, गंगापूर धरण तिकडेच. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याच्या गाड्या धरणाकडे आणि वायनऱ्यांकडे निघतात तेव्हा जेहान सर्कलपासून पुढे मुंगीच्या पावलाने जावं लागतं, तेवढं सोडा. आणि बिबट्या. हसू नका, २०१९ ला सावरकर नगरात भरवस्तीत शिरला होता, ते काय लांब आहे.

आता मुद्द्याचं, पैसे. भाडं मिळतं १९ हजार. आयटीतलं जोडपं, चांगली मुलं आहेत, वेळेवर देतात, ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट रजिस्टर करून दिलंय (ते करावंच लागतं, नोटरीवर भागवू नका). त्यातून मेंटेनन्स ३२०० मी भरतो, घरपट्टी माझी, आणि मधे एक महिना रिकामा गेला, त्यात ब्रोकरला एक भाडं. वर्षाचे पूर्ण २ लाख २८ हजार धरले तरी ८५ लाखावर पावणेतीन टक्के पण होत नाहीत, हातात त्याहून कमी. मेव्हण्याची एफडी पाचवाली होती.

तो म्हणाला भाड्याकडे नका बघू दाजी, ॲप्रिसिएशन बघा. बरं, बघितलं. मागच्या वर्षी विकायला काढला. एजंटने सांगितलं सर, तुमच्या बिल्डिंगचा रेट आता ९५ ला कमी नाही, मी खुश, घरी पेढे आणायचेच बाकी होते. चार महिन्यांत अकरा जण बघून गेले. एक काकू तर दोनदा आल्या, ओट्याची उंची हाताने मोजली, पाणी किती वाजता येतं विचारलं, मला वाटलं झालं आता. नंतर फोनच नाही. सगळ्यात मोठी ऑफर ८१.

का ते कळलं एका दुपारी. मला एका मुलीचा फोन आला, सर गंगापूर रोडला प्रीमियम टू बीएचके बघताय का, शेवटचे एक-दोनच शिल्लक आहेत. पत्ता ऐकला तर माझीच बिल्डिंग! मी पण मालक आहे हे न सांगता सगळं विचारून घेतलं. ४४ पैकी ७ फ्लॅट अजून बिल्डरकडेच पडलेत, रेडी आहेत, दाखला मिळालेला असल्याने त्यावर जीएसटी लागत नाही, आणि वरून स्टॅम्प ड्युटी आम्ही भरू म्हणाली. किंमत ८९, ‘बसल्यावर बघू सर’. म्हणजे गिऱ्हाइकाला त्याच मजल्यावर कोराकरकरीत फ्लॅट जीएसटी न भरता ८९ च्या आत मिळतोय, तो माझ्याकडे वापरलेल्या फ्लॅटला ९५ देईल कशाला? मी ज्याच्याकडून घेतला तोच माझ्यासमोर दुकान लावून बसलाय, आणि त्याला घाई नाही, मला दर ५ तारखेला आहे. बुकिंगच्या वेळी किती फ्लॅट गेले हे आम्ही विचारलं होतं. किती गुंतवणूकवाल्यांनी घेतले, म्हणजे उद्या किती जण एकदम विकायला उभे राहणार, हे विचारायचं सुचलं नाही. संध्याकाळी आठ वाजता खाली उभं राहून वर बघा, निम्म्या खिडक्या अंधारात आहेत.

बिल्डिंगचे दीड मार्क कुठे गेले ते राहिलंच. कॉमन बाथरूमच्या भिंतीला पहिल्याच पावसाळ्यात ओल, दोनदा माणूस पाठवला, दोन्ही वेळा पांढरं काहीतरी लावून गेला. पाच वर्षांपर्यंत असले दोष बिल्डरनेच दुरुस्त करून द्यायचे असतात, मी आता ईमेलवरच बोलतो, फोनवर नाही. लिफ्ट चांगली. पाण्याचं प्रेशर उत्तम.

राहायला घेत असाल तर हा एरिया डोळे झाकून घ्या, फक्त बिल्डरचाच रेडी फ्लॅट घासाघीस करून घ्या, माझ्यासारखी दोन वर्षं आणि जीएसटी घालवू नका. आमचे भाडेकरू मार्चमध्ये पुण्याला चाललेत. बायको म्हणते नाहीतरी विकला जात नाहीये, आपणच जाऊन राहू, मला ती बाल्कनी आवडते. बाबांना विचारलं तर म्हणाले तुम्ही जा, मी त्रिमूर्ती चौक सोडून कुठे जात नाही, आणि तो बेड मात्र सव्वासहा फुटी घ्या.