प्रोबेटच्या अर्जासाठी बावड्यातील वकील कार्यालय

आत्याच्या निधनानंतर तिच्या मृत्युपत्राचे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, घेण्यासाठी आम्ही कोल्हापूरच्या कसबा बावड्यातील न्याय संकुलाजवळच्या एका वकील कार्यालयाची सेवा घेतली. वकीलपत्रावर सही घेण्यापूर्वी त्यांनी प्रोबेटची खरोखर गरज आहे का, हे तपासले, आणि त्यांची हीच गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. कोल्हापुरातील मालमत्तेच्या मृत्युपत्राला प्रोबेटची कायद्याने सक्ती नाही. वारसांत एकमत असेल तर शेतजमिनीसाठी तलाठ्याकडे आणि शहरातील घरासाठी नगर भूमापन कार्यालयात मृत्युपत्राच्या आधारे नोंदीचा अर्ज करता येतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आमच्याकडे मात्र एका चुलतभावाने मृत्युपत्रावरील सहीबद्दलच शंका घेतली होती, म्हणून त्यांनी प्रोबेटचा सल्ला दिला. प्रोबेटने मृत्युपत्राचा खरेपणा सिद्ध होतो, मालकीचा वाद मिटत नाही, हेही त्यांनी त्याच बैठकीत बजावले.

ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने तेथेच जावे लागेल, असा घरातील काहींचा समज होता. पण तशी गरज नव्हती; अर्ज बावड्यातील जिल्हा न्यायालयातच दाखल केला. मृत्युपत्रात व्यवस्थापक, म्हणजे त्याची अंमलबजावणी करणारा, म्हणून माझे नाव असल्याने तो माझ्या नावे झाला. असे नाव नसते, तर प्रोबेटऐवजी मृत्युपत्र जोडलेले प्रशासनपत्र, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा न्यायालयाने दिलेला अधिकार, मागावे लागले असते.

मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, नातेवाइकांची नावे-पत्ते आणि मूल्यांकनासह मालमत्तेची यादी एवढे त्यांनी मागितले. बँकेतील ठेवींवर नॉमिनी म्हणून माझ्या बहिणीचे नाव होते. नॉमिनीला रक्कम मिळाली तरी तिची मालकी मृत्युपत्राप्रमाणेच ठरते, हे त्यांनी तिला इतक्या आपुलकीने समजावले की घरात शब्दाला शब्द लागला नाही. अर्जाची पडताळणी शक्य असेल तेव्हा मृत्युपत्रावरील एका साक्षीदारानेही करायची असते. आमचे साक्षीदार वयोवृद्ध असून इचलकरंजीत राहतात. कार्यालयातील कनिष्ठ वकील महिला स्वतः त्यांच्या घरी गेल्या आणि संपूर्ण अर्ज त्यांना सावकाश वाचून दाखवल्यावरच त्यांनी सही घेतली. दुःखात असलेल्या कुटुंबाला अशा माणसांचा किती आधार वाटतो, हे मी मनापासून नोंदवतो.

खर्चाच्या बाबतीत मात्र सुधारणेला वाव आहे. वकिलांची फी लेखी ठरली होती आणि मालमत्तेच्या मूल्यावर आकारली जाणारी कोर्ट फीही आधी समजली. परंतु वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस, टंकलेखन आणि नकला यांचे पैसे वेळोवेळी मागितले गेले आणि पावत्या मागितल्यावरच मिळाल्या.

चुलतभावाने रीतसर हरकत घेतल्यामुळे अर्ज आता दाव्याच्या स्वरूपात चालत आहे, त्यामुळे हे मत अर्ज दाखल होईपर्यंतच्या कामापुरते समजावे. तेवढ्या कामासाठी मी हेच कार्यालय पुन्हा निवडेन, मात्र किरकोळ खर्चाचा अंदाज पहिल्याच दिवशी लिहून घेईन.